कारवानी सुटतो आणि हाकेला येत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

कारवानी ही नजरेवर शिकार करणारी सडपातळ कुत्र्यांची जात. पिल्लू नेल्यापासून आठ-दहा महिने सगळं छान चालतं आणि मग फोन येतो. "दादा, घरात एकदम गुणाचा आहे हो. भुंकत नाही, सोफ्यावर गप पडून असतो. पण सुटला की गेला! नाव घेऊन घेऊन घसा बसतो, मागं वळून बघत नाही." लातूर, सोलापूर, सांगली या पट्ट्यातून पुण्या-मुंबईकडे गेलेल्या कारवान्यांबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. याच गटातल्या मुधोळ जातीचं आणि केसाळ कानांच्या पश्मीचंही तेच, त्यामुळं पुढचं सगळं तिघांनाही लागू धरा.

लक्षणं: तुमचा कुठल्या प्रकारात बसतो ते आधी ठरवा

- अंगणात, घरात हाकेला येतो. बाहेर काही हललं की सरळ रेषेत, त्या एकाच गोष्टीमागं धाव. थोड्या वेळानं जीभ लोंबवत, धापा टाकत स्वतःच परत. ही शिकारीची धाव.
- चालता चालता एकदम मागं सरतो, मान खाली घालतो आणि पट्ट्यातून डोकं काढून घेतो. शेपटी पोटात, वाट फुटेल तिकडे पळ, मग कुठंतरी लपून बसणं. मालक समोर दिसला तरी जवळ येत नाही. ही भीतीची धाव, आणि सगळ्यात धोक्याची.
- वर्षातले ठरावीक दिवस. खाण्यावर मन नाही, रात्री कण्हतो, भिंत ओलांडतो, दीड-दोन दिवस पत्ता नाही. गल्लीत कुणाची तरी कुत्री माजावर आहे.
- गेट उघडलं की बाण. फार लांब जात नाही, गल्लीत गोल गोल पळतो, जवळ येतो आणि हात पुढं केला की तेवढ्याच अंतरावरून निसटतो. हा कंटाळा, किंवा तुमची हाक खराब झाल्याची खूण.

एक पाचवा प्रकार आहे, पण तो या दुरुस्तीतला नाही. आजवर कधी घर न सोडलेला मोठा कुत्रा एकाएकी भटकायला लागला, आवाज बदलला, लाळ गळते, गिळता येत नाही, घरच्याच माणसावर दात काढतो किंवा कोपऱ्यात अंधारात जाऊन बसतो, असं असेल तर पट्टा-बिट्टा तपासत बसू नका. त्याला हात लावू नका, खोलीत किंवा गेटच्या आत एकटा कोंडा आणि पशुवैद्याला फोन करा. रेबीज आपल्याकडे आजही आहे. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून माणसानं थांबायचं नाही.

हाक का चालत नाही

मेंढ्या राखणारा कुत्रा दर थोड्या वेळानं धनगराकडं मान वळवून बघतो, कारण त्याचं कामच माणसाच्या इशाऱ्यावर चालतं. कारवानी त्या कामासाठी घडलेला नाही. उघड्या माळावर ससा दिसला की विचारायचं नाही, निघायचं, यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. वासावर नाही, नजरेवर. लांब नाकाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत आतल्या पडद्यावर दृष्टीच्या पेशींचा आडवा दाट पट्टा असतो, त्यामुळं क्षितिजावरची बारीकशी हालचालही त्यांना टिपता येते. तुम्हाला जिथं नुसतं रान दिसतं, तिथं त्याला ससा दिसलेला असतो.

आणि हा प्राणी मोठा आहे. नराची खांद्यापाशी उंची साधारण ७० सेंटीमीटर, छाती खोल, कंबर बारीक, अंगावर चरबी जवळपास नाही. सुटल्यावर त्याला कुणी गाठू शकत नाही. म्हणून सगळी दुरुस्ती सुटण्याच्या आधीची. धाव लागल्यानंतर चालेल अशी हाक मी अजून पाहिलेली नाही, आणि तशी हाक शिकवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

पहिली तपासणी: पट्टा आणि हूक

इथून सुरुवात करायचं कारण सोपं. खर्च कमी, वेळ पाच मिनिटं, आणि बरेचसे किस्से इथंच संपतात.

कारवान्याचं डोकं कानामागं मानेपेक्षा जाड नसतं. बाजारातला साधा बकलचा पट्टा लॅब्रेडॉरच्या हिशेबानं बनतो, तिथं जबडा आडवा येतो म्हणून निघत नाही. इथं अडायला काही नाही. घरातच करून बघा: कुत्र्याच्या समोर उभं राहा, दोरी हळू आपल्याकडं ओढा, त्याला मागं सरू द्या. पट्टा कानांवरून सरकला तर रस्त्यावरही सरकणार. मग लोक काय करतात, एक भोक आणखी आवळतात. त्यानं कुत्रा खोकायला लागतो आणि चालायलाच नकार देतो.

यावर उपाय मार्टिंगेल कॉलर. कापडाचा किंवा मऊ चामड्याचा रुंद पट्टा, त्याच्या दोन्ही टोकांना कड्या आणि त्यांतून ओवलेला एक छोटा दुसरा वेढा, दोरी त्याला लागते. ओढ आली की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो. दीड-दोन इंच रुंद घ्या, मानेच्या वरच्या भागात, कानांच्या लगेच मागं बसवा. पूर्ण आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या कड्या एकमेकींना टेकत असतील तर तो अजून ढिला आहे. अंगणात मोकळा असताना मात्र हा पट्टा काढून ठेवा, कारण जाळीत किंवा खिळ्यात अडकला तर फास बसतो. मोकळ्यावर साधा पट्टा, त्यावर फोन नंबरची पाटी. गळ्यात गळफाशी साखळी घालू नका. या जातीची कातडी पातळ आणि मान उघडी, जोरात हिसका बसला तर श्वासनलिकेला इजा होते.

हार्नेस वापरत असाल तर छातीचे दोन पट्टे पुरत नाहीत. खोल छाती ओलांडली की मागं बारीक कंबर, त्यामुळं मागं सरकत सरकत तो हार्नेसमधून सदरा काढल्यासारखा बाहेर येतो. बरगड्यांच्या मागं, कमरेवर बसणारा तिसरा पट्टा हवाच.

आणि हूक. बोटानं स्प्रिंग दाबून सोडा, खटकन परत बसली पाहिजे. पावसाळ्यात ती गंजून अर्धवट उघडी राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बटण दाबून लांब होणारी दोरी या कुत्र्याला कधीच नको. सात-आठ मीटर वेग घेऊन टोकाला पोचल्यावर बसणारा झटका मानेला आणि तुमच्या खांद्याला, दोघांनाही महाग पडतो.

दुसरी: गेट आणि कुंपण

गेट उघडं राहण्याची वेळ बघा. बहुतेक घरांत ती एकच असते: दुचाकी आत घेताना. माणूस गाडीवर, दोन्ही हात हँडलला, गेट पायानं ढकललेलं. त्या वेळी कुत्रा आतल्या दाराच्या मागं असेल एवढा नियम घरातल्या प्रत्येकाला, दूधवाल्यासकट, माहीत पाहिजे. दोन दारं एका वेळी उघडी ठेवायची नाहीत.

कुंपण सहा फूट हवं. पाच फुटांवरून तरुण कारवानी बसल्या जागेवरून उडी घेतो. पण उंचीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे ते कुंपणाच्या आत काय ठेवलंय. पाण्याची टाकी, विटांचा ढीग, कडब्याची गंजी भिंतीला टेकून असेल तर सहा फुटांचे तीन फूट होतात. हे सरकवायला पैसे लागत नाहीत.

जाळीचं कुंपण असेल तर आणखी एक स्वस्त काम करा: खालून चार-पाच फुटांपर्यंत हिरवी शेडनेट बांधा. पलीकडचं मांजर, शेळी, सायकल दिसणंच बंद झालं की दिवसभर जाळीवर पाय ठेवून उभं राहणं थांबतं आणि उडीचं कारणही जातं. माझ्या मते या सगळ्या लेखातलं सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. वर काटेरी तार लावू नका. उडी तो तरीही मारणार, आणि पोटाची कातडी फाटून टाके पडणार.

तिसरी: वेळ आणि जागा लिहून काढा

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा: कधी सुटला, कुठं, समोर काय होतं, किती वेळानं आला. दोन-तीन आठवड्यांत नमुना दिसायला लागतो. गावाकडं ज्वारी, हरभरा निघाला किंवा उसाचा फड तुटला की आडोसा जातो आणि ससे उघड्यावर येतात, मग पहाटे आणि दिवस मावळताना कुत्रे सुटायला लागतात. शहरात कचराकुंडीजवळची मांजरं, कबुतरांचा थवा, पळणारं पोर, कधी नुसती वाऱ्यावर उडालेली प्लास्टिकची पिशवी. कारण कळलं की फिरायची वाट किंवा वेळ बदला. दवाखान्यात किंवा प्रशिक्षकाकडं जायची वेळ आली तरी हे टिपण तिथं सोन्यासारखं उपयोगी पडतं.

चौथी: दिवसभरात त्याला पळायला मिळतं का

हा वीस तास झोपणारा आणि काही मिनिटं जीव तोडून पळणारा प्राणी आहे. ती काही मिनिटं मिळाली नाहीत तर तो ती चोरून घेतो. रोज दोन वेळा दोरीवर फेरफटका आणि आठवड्यातून दोन-तीनदा चारी बाजूंनी बंद जागेत मोकळी धाव, एवढ्यात तरणाताठा कारवानीही ताळ्यावर राहतो. शाळेचं बंद मैदान, भिंतीची बाग, पोल्ट्रीचं रिकामं शेड, काहीही चालतं.

दिवसभर साखळीला बांधून ठेवला असेल तर बाकीच्या तपासण्या करूच नका, उत्तर मिळालं. आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवणं टाळणं, दोन्ही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये क्रूरता म्हणूनच धरलेलं आहे.

दुसरं टोकही बघायला मिळतं. मोटारसायकलला बांधून रोज आठ-दहा किलोमीटर पळवायचा, म्हणजे दमेल आणि सुटणार नाही. दमत नाही. तयार होतो. महिन्याभरात तुमच्याकडं असाच सुटणारा, पण दुप्पट दमाचा कुत्रा असतो. शिवाय वर्ष-दीड वर्षापर्यंत हाडं वाढत असतात, तोवर डांबरावर सक्तीची लांब पळापळ सांध्यांना घातक.

खाल्ल्यावर लगेच पळवू नका, पळाल्यावर लगेच खायला घालू नका. मध्ये निदान एक तास सोडा. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा, पाच सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात.

पाचवी: हाक खराब झालीय का

घरात बसल्या बसल्या बघता येतं. दिवसभरात वेगवेगळ्या वेळी पाचदा हाक मारा, प्रत्येकी एकदाच. घरातच पाचपैकी निदान चारदा तरी उठून आला नाही तर माळावर येण्याचा प्रश्नच नाही.

हाक खराब होते ती ठरावीक कारणांनी. त्याला बोलावलं की साखळी, बोलावलं की आंघोळ, बोलावलं की गोचीड काढणं. फिरून परत आला की एक रट्टा. तो रट्टा तुमच्या डोक्यात पळून जाण्याचा असतो, त्याच्या डोक्यात परत येण्याचा. इतर जाती हे पोटात घालतात, कारवानी घालत नाही. वरच्या आवाजात बोललं तरी खट्टू होऊन कोपऱ्यात जातो, आणि उगारलेला हात तर महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो. अनोळखी माणसानं डोक्यावरून हात फिरवलेलाही त्याला आवडत नाही. पाहुण्यांना सांगून ठेवा की त्याचा तो जवळ येईल, तोवर बघू नका आणि हात पुढं करू नका.

खराब झालेलं नाव दुरुस्त करत बसू नका. नवा आवाज घ्या. साधी शिट्टी उत्तम, कारण घरातल्या सगळ्यांची सारखी वाजते आणि तिच्यात राग ऐकू येत नाही. पहिले दहा-बारा दिवस कुत्रा कुठंही जायला नको. तो समोर उभा असताना शिट्टी वाजवायची आणि लगेच तोंडात उकडलेल्या काळजाचा तुकडा. भाकरीचा तुकडा चालणार नाही, तो त्याला रोज मिळतो. मग पुढच्या खोलीतून. मग अंगणातून. काळीज फक्त शिट्टीलाच, एरवी कधीच नाही. आणि दहा वेळा आल्यावर नऊ वेळा तुकडा देऊन परत मोकळा सोडायचा, म्हणजे शिट्टी म्हणजे मजा संपली हा हिशेब त्याच्या डोक्यात बसत नाही.

सहावी: माज

लक्षणं तिसऱ्या प्रकारची असतील तर इथंच उत्तर आहे. कुत्रीचा माज साधारण तीन आठवडे चालतो आणि वास लांबवर जातो. तेवढे दिवस नराला आतच ठेवा, फिरवताना दोन दोऱ्या लावा. तुमची मादी असेल तर तिला एकटी अंगणातही सोडू नका, भिंत बाहेरून आत येणाऱ्यांनाही ओलांडता येते.

नसबंदीनं माजामागची भटकंती बऱ्यापैकी कमी होते. सशामागची धाव अजिबात कमी होत नाही. पहिल्या प्रकारच्या तक्रारीसाठी कुणी नसबंदी सुचवली तर हे लक्षात ठेवा, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर निराशा ठरलेली. ज्यांना पैदास करायची नाही त्यांनी ती करावी हे वेगळं.

सातवी: शरीर

आधी हाकेला यायचा आणि आता येत नाही, असा बदल असेल तर शरीर बघा. तो पाठमोरा झोपलेला असताना मागून कागद चुरगळा, जमिनीला धक्का लागू देऊ नका. कान हलले नाहीत तर कानात मळ, पू, गोचीड काय आहे ते बघा. एका बाजूनं हाक मारल्यावर दचकतो, पायऱ्या उतरताना थांबतो, मान वळवताना कण्हतो, हे सगळं दुखण्याचं. गोचीडतापात हिरड्या फिक्या पडतात, ताप येतो, खाणं सुटतं, आणि मालक म्हणतो "हट्टी झालाय". इथं घरगुती काही नाही, रक्त तपासायलाच लागतं.

आठवी: लांब दोरीवरचं शिक्षण

सगळ्यात वेळखाऊ, म्हणून शेवटी. दोन-तीन महिने धरून चाला.

१० ते १५ मीटरची सुती दोरी घ्या. नायलॉनची घेतली तर सरकताना तळहात सोलतो. हातमोजे घाला, दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका. ती तीन पट्ट्यांच्या हार्नेसला बांधायची, गळ्यातल्या पट्ट्याला नाही. मोकळं मैदान, सुरुवातीला जिथं काही हलत नाही असं.

आता शिकायचंय ते तुम्हाला. धावेच्या आधी एक क्षण असतो. कुत्रा चालता चालता थांबतो. मान उंच होते, दुमडलेले कान मुळापासून उठून पुढं येतात, तोंड मिटतं, शेपटीचा हेलकावा थांबतो. कधी पुढचा एक पाय अर्धा उचललेला तसाच राहतो. एक-दोन सेकंद, तेवढंच. या क्षणी त्याचं ठरतंय, अजून ठरलेलं नाही. शिट्टी इथं वाजली पाहिजे, आणि वाजवताच तुम्ही उलट्या दिशेनं पळायला लागलं पाहिजे. जाग्यावर उभं राहून शिट्टी फुंकणारा माणूस हा त्याच्या दृष्टीनं खांब आहे; पळणारा माणूस ही हालचाल आहे, आणि हालचालीमागं जाणं त्याला शिकवावं लागत नाही. आला की काळजाचे एकामागून एक पाच-सहा तुकडे द्या. कंजुषी नको.

क्षण चुकला आणि तो सुटला तर ओरडू नका, दोरी हळूहळू आवळत थांबवा. त्या दिवशी अंतर कमी करा. शांत मैदानात दहापैकी नऊदा जमलं की मग लांबवर शेळ्या चरतायत अशी जागा, मग जरा जवळ. पायरी चुकली की एक मागं.

एवढं करूनही काही कारवानी उघड्या रानात कधीच भरवशाचे होत नाहीत. याला अपयश म्हणायचं कारण नाही. अशा कुत्र्याला आयुष्यभर दोरी आणि बंद मैदान, आणि तो त्यात मजेत राहतो. महामार्गाच्या कडेला घर असेल तर मी प्रशिक्षित कुत्राही सोडणार नाही.

भीतीची धाव असेल तर

वरची आठवी तपासणी इथं उलटी पडते. घाबरलेला कुत्रा खाऊ बघतच नाही, त्यामुळं शिट्टी आणि काळीज वाया जातं. नवीन आणलेल्या मोठ्या कुत्र्याला पहिला महिनाभर दोन दोऱ्या: एक मार्टिंगेलला, एक हार्नेसला. दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांच्या आधी, उजेडीच फिरवून आणा, संध्याकाळी आतल्या खोलीत खिडक्या लावून ठेवा. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल ऐकवून "सवय लावायची" कल्पना डोक्यातून काढून टाका.

सुटलाच तर

मागं पळू नका. खेळणारा असेल तर त्याला तेच हवंय, घाबरलेला असेल तर तो आणखी लांब जाईल. जिथून सुटला तिथं एक माणूस थांबवा, कारण शिकारीची धाव बहुतेकदा वळसा घेऊन तिथंच येते. दिसला की पाठ करून खाली बसा, गाडीचं दार उघडा, खुराकाचा डबा वाजवा. घाबरून पळालेल्याच्या बाबतीत गल्लीतल्या लोकांना "पकडा" म्हणून सांगू नका, "दिसला तर फक्त फोन करा" म्हणून सांगा.

परत आला की सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, थोडं थोडं पाजा. श्वास शांत होईपर्यंत खायला नाही. पंजाच्या गाद्या, मांड्यांच्या आतली बाजू, पोट नीट बघा. पातळ कातडीला बाभळीचा काटाही लांब फाडतो आणि केसांत रक्त लगेच दिसत नाही.

कुठं थांबायचं

लगेच दवाखाना, घरी प्रयोग नाही: थांबल्यावरही धाप कमी होत नाही, हिरड्या गडद लाल किंवा पांढऱ्या, तोल जातो, ताप ४१ अंश सेल्सिअसच्या घरात (निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ च्या आसपास असतं). धावेनंतर मागचे पाय ताठ झाले आणि लघवी चहासारखी गडद आली तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आला आहे, सकाळपर्यंत वाट बघू नका. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, उलटीचा उमाळा येतो पण काही पडत नाही, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा.

अनुभवी प्रशिक्षक हवा: भीतीची धाव महिन्याभरात कमी झाली नाही, धरायला गेल्यावर घरच्यांना चावला, एकदा शेळी, कोकरू किंवा कोंबडी मारली. शेवटच्यात तर उशीर नकोच. एकदा धरलेली शिकार कुत्रा विसरत नाही, आणि भरपाईवरून गावात होणारी भांडणं तर वेगळीच. मारहाण किंवा विजेचा झटका देणारा पट्टा सुचवणारा प्रशिक्षक असेल तर नमस्कार करून परत या. या स्वभावाच्या कुत्र्याला त्यानं भीतीची धाव लागते, म्हणजे पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात.

ससा, हरीण, काळवीट यांच्यामागं कुत्रा लावणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. नुसता पाठलागही शिकारीच्या व्याख्येत येतो. "जरा पळू दे, त्याच्या रक्तात आहे" म्हणून मुद्दाम सोडणाऱ्यांना मी दुरुस्ती सांगत नाही.

पशुवैद्याकडं गेलात आणि ते या जातीचे कुत्रे रोज बघणारे नसतील, तर दोन गोष्टी स्वतःहून सांगा. एक, भूल देताना. अंगावर चरबी नसल्यानं आणि यकृताची औषध निकामी करण्याची गती कमी असल्यानं थायोपेंटोनसारख्या भुलीतून हे कुत्रे फार उशिरा बाहेर येतात. दुसरी औषधं उपलब्ध आहेत, ती वापरा म्हणून विनंती करा. दोन, रक्ताचा अहवाल वाचताना. नजरेवर शिकार करणाऱ्या या गटातल्या कुत्र्यांत लाल पेशींचं प्रमाण इतर जातींपेक्षा जास्त आणि टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक कमी असणं नेहमीचं आहे. नुसत्या तेवढ्या आकड्यावर "थायरॉइडमुळं वागणूक बिघडली" असं ठरवून आयुष्यभराच्या गोळ्या सुरू होऊ देऊ नका, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) हेही तपासून घ्या. जाताना कॅलेंडरवरचं टिपण आणि त्याच्या लशींचं कार्ड बरोबर ठेवा.